बाटलीतली नदी आणि दगडाखालची नदी

मागच्या दोन भागांत आपण पिण्याच्या पाण्याबद्दल बोललो. टाकीत टीसीएल पावडर किती टाकायची, नळाचं पाणी किटमध्ये कसं तपासायचं, हे सगळं झालं. त्यावर बऱ्याच जणींनी आम्हाला विचारलं, की नळाच्या पाण्याचं कळलं, पण नदीचं काय? ओढ्याचं, तळ्याचं, खाडीचं काय? नदी धड आहे की बिघडली आहे, हे ठरवतं कोण, आणि कशावरून?

प्रश्न दोन ओळींचा आहे, पण त्याच्या उत्तरामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज आम्ही तोच सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. या इतिहासात आहेत कागदाचे तुकडे, ताटाएवढी एक तबकडी, अंधारात ठेवलेली बाटली आणि दगडाखालचे किडे. आणि एक बाई आहे, तिच्याबद्दल जरा सावकाश बोलू.

सुरुवात लंडनपासून करायला हवी, कारण मोठं शहर आपली नदी कशी नासवतं हे जगाला आधी तिथंच नीट दिसलं. लंडनमधून थेम्स नदी वाहते. १८५५ सालच्या जुलै महिन्यात मायकेल फॅरडे हे शास्त्रज्ञ वाफेच्या बोटीतून त्या नदीतून चालले होते. आज आपल्या घरात वीज येते, ती तयार करण्याच्या तत्त्वाचा शोध लावणारे हेच फॅरडे. पाणी बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी पांढऱ्या जाड कागदाचे तुकडे केले, पटकन बुडावेत म्हणून ओले केले, आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागली तिथं एकेक पाण्यात सोडला. ऊन लख्ख पडलं होतं. तरीसुद्धा तुकडा एक इंच खाली जायच्या आत दिसेनासा व्हायचा. त्यांनी हे सगळं पत्रात लिहून ‘टाइम्स’ या वर्तमानपत्राला पाठवलं. प्रयोगशाळा नाही, औषध नाही, यंत्र नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं जे केलं ते आपल्यापैकी कुणीही उद्या सकाळी करू शकते.

त्या पत्रानं लगेच काही झालं नाही. तीन वर्षांनी, १८५८च्या उन्हाळ्यात, नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगले. ही म्हणजे आपली टीसीएलच, तीच ब्लीचिंग पावडर! काही आठवड्यांत कायदा झाला आणि शहराखालून मोठी गटारं बांधायला पैसा मंजूर झाला. नदीकाठच्या गरीब वस्त्यांनी तो वास कितीतरी वर्षं सोसला होता. तो सभागृहात शिरला तेव्हा मात्र कायद्याला उशीर लागला नाही.

पण नाक आणि डोळा यांच्यावर किती भरवसा ठेवायचा? त्याच लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती पटकीची मोठी साथ आली होती. त्या पंपाचं पाणी लोकांना चवीला आवडायचं. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई मुद्दाम तिथलं पाणी बाटलीत भरून मागवायची, चव चांगली म्हणून. त्या बाटलीनंच ती गेली. जॉन स्नो या डॉक्टरांनी हे प्रकरण शोधून काढलं, आणि पटकी वासातून येत नाही, पाण्यातून येते, या त्यांच्या म्हणण्याला त्यामुळं बळ आलं. तेव्हा पाणी नितळ दिसलं, गोड लागलं, म्हणजे चांगलं असं नाही. आणि गढूळ दिसलं म्हणजे वाईट असंही नाही. आपल्या नद्या पावसाळ्यात मातीनं लाल होतात, नुसता तो रंग म्हणजे रोग नव्हे.

तरीही तो पांढरा कागद वाया गेला नाही. १८६५ साली इटलीत आंजेलो सेक्की नावाचे एक पाद्री होते, आकाशातल्या ताऱ्यांचे अभ्यासक. पोपच्या जहाजावरून ते भूमध्य समुद्रात गेले आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाहिली. तबकडी कुठं दिसेनाशी होते तिथं दोरी धरायची आणि लांबी मोजायची. झाली मोजणी. आज दीडशेहून जास्त वर्षांनी जगभरातल्या तळ्यांत आणि समुद्रात हीच तबकडी वापरतात. तिला ‘सेक्की तबकडी’च म्हणतात. तळ्यासाठी ती साधारण २० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे आपल्या लहान ताटलीएवढी.

या तबकडीनं एक तळं वाचवायला मदत केली ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराला लागून वॉशिंग्टन नावाचं मोठं सरोवर आहे. आजूबाजूच्या वस्त्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून त्यात सोडत. प्रक्रिया केलेलं, म्हणजे डोळ्यांना बरं दिसणारं. पण त्यात फॉस्फरस शिल्लक राहतो. मैला, साबण, खत यांतून येणारा हा फॉस्फरस शेवाळाला युरियाच्या डोसासारखा लागू पडतो. १९५५ साली तिथल्या विद्यापीठातल्या एडमंडसन या प्राध्यापकांच्या चमूला पाण्यात एक विशिष्ट शेवाळ दिसलं. युरोपातली तळी बिघडताना हेच शेवाळ आधी दिसलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की हे तळं आता घाण होत जाणार. तसंच झालं. १९६४ साली तबकडी जेमतेम अडीच फुटांवर दिसेनाशी व्हायला लागली. पण तोवर लोक जागे झाले होते. सांडपाण्याची एकत्र व्यवस्था करायची की नाही यावर १९५८ साली मतदान झालं. पहिल्या वेळी प्रस्ताव पडला. त्याच वर्षी पुन्हा मतदान झालं, आणि या वेळी तो मंजूर झाला. त्या प्रचारात बायकाही घरोघर फिरल्या होत्या. १९६८पर्यंत सगळं सांडपाणी तळ्याकडून वळवलं. आणखी दहा वर्षांत तबकडी सुमारे वीस फुटांपर्यंत दिसायला लागली.

गावतळं हिरवंगार झालं, वर साय धरली, की आपण म्हणतो पाणी सडलं. खरं तर त्या पाण्याला खाणं जास्त झालेलं असतं.

आता बाटलीकडे येऊ. हीच बाटली आज आपल्याकडे नदीचा निकाल लावते, म्हणून ती समजून घ्यायलाच हवी.

इंग्लंडमध्ये १८९८ साली सांडपाण्याचा विचार करायला एक शाही आयोग बसला. तो इतकी वर्षं चालला की त्याचा आठवा अहवाल १९१२ साली आला! त्या अहवालात एक चाचणी पक्की झाली, तिला आज बीओडी म्हणतात. नाव अवघड आहे, रीत आपल्या ओळखीची आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, मासे त्यावरच जगतात. पाण्यात घाण असली की ती खायला सूक्ष्म जीव जमतात, आणि खाताना तेही प्राणवायू घेतात. जितकी घाण जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च. म्हणून पाणी बाटलीत भरून, बूच लावून, अंधारात ठेवायचं. पहिल्या दिवशी प्राणवायू किती होता आणि पाचव्या दिवशी किती उरला हे मोजायचं. जो खर्च झाला तो त्या पाण्याचा बीओडी. हा आकडा मोठा, तर नदीचा श्वास कोंडलेला.

पाचच दिवस का? असं सांगतात, की इंग्लंडमधल्या नद्यांचं पाणी साधारण पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून. बाटली ठेवायची ती ६५ अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअस, हा त्यांच्या उन्हाळ्याचा अंदाज. आपल्याकडे १८ अंश म्हणजे शाल काढायची वेळ! पुढं जगभर २० अंश आणि पाच दिवस ही रीत बसली. भारतात मात्र १९९०च्या दशकात ती बदलून २७ अंश आणि तीन दिवस अशी केली. कारण तुम्हाला सांगायला नको. आंबोळीचं पीठ थंडीत आंबायला जितका वेळ लागतो तितका उन्हाळ्यात लागत नाही. पाण्यातल्या जीवांचंही तसंच, उष्म्यात त्यांचं काम झपाट्यानं होतं. तेव्हा आपल्या बोर्डाची बाटली आपल्या हवेला बसवलेली आहे, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

महाराष्ट्रानं यात पाऊलही लवकर उचललं. पाणी प्रदूषण रोखण्याचा राज्याचा कायदा १९६९चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं १९७० साली. देशाचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. मग केंद्रीय मंडळानं नद्यांचे पाच वर्ग केले. पहिला वर्ग, नुसतं जंतुनाशक घालून पिता येईल असं पाणी. दुसरा, अंघोळीचं. तिसरा, गाळून आणि प्रक्रिया करून पिण्याजोगं. चौथा, मासे आणि जंगली जीवांसाठी. पाचवा, शेती आणि कारखान्यांसाठी. ही वर्गवारी नीट ऐकली तर तिचा स्वभाव कळतो. नदी आपल्या कशाला उपयोगी पडते, एवढंच तिला विचारायचं आहे. नदीत जे राहतात त्यांचा नंबर चौथा.

अंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. त्याच्या वर गेला की तो भाग प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत येतो. केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या यादीत देशभरात असे ३११ पट्टे होते, आणि त्यातले ५५ आपल्या महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ज्या राज्यात जास्त ठिकाणी पाणी तपासतात तिथं जास्त सापडणार, हेही खरं. पण तेवढ्यानं ५५ हा आकडा लहान होत नाही.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. नदी तशी नाही. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. आमच्याकडे दर उन्हाळ्यात फोन येतात. पहाटे मासे मरून वर आले, पाणी काळं झालं, फेस आला. कुणी रात्री काहीतरी सोडलेलं असतं. तक्रार होते. दोन-तीन दिवसांनी माणूस येतो, बाटली भरून नेतो. तोवर ते पाणी चार गावं पुढं गेलेलं असतं. महिन्याभरानं कागद येतो, की नमुना मर्यादेत आहे. कागद खोटा असतोच असं नाही. बाटलीत आलेलं पाणी खरंच चांगलं असतं. फक्त त्या रात्री काय झालं याबद्दल बाटलीला काहीच माहिती नसतं. आणि बायका विचारतात, मग आम्ही काय खोटं बोललो का?

त्या रात्रीचे साक्षीदार नदीतच असतात. ते कुठं जात नाहीत. त्यांना विचारायचं कसं, याचा इतिहास म्हणजे आजच्या गोष्टीचा दुसरा धागा.

तो सुरू झाला जर्मनीत. रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन या दोघांनी १९०२पासून सांडपाणी मिळणाऱ्या नद्यांचा अभ्यास केला. १९०८ साली वनस्पतींची आणि १९०९ साली प्राण्यांची लांबलचक यादी छापली. कुठला जीव अति घाणीत राहतो, कुठला मध्यम, कुठला फक्त स्वच्छ पाण्यात. नाला नदीला मिळतो तिथून खाली चालत गेलं तर जीव कसे बदलत जातात आणि नदी हळूहळू कशी सावरते, हे त्या यादीवरून वाचता यायला लागलं.

आता त्या बाईंबद्दल. रूथ पॅट्रिक. जन्म १९०७, अमेरिकेतला. वडिलांना सूक्ष्मदर्शकातून पाहायची हौस होती. रविवारी ते मुलींना घेऊन ओढ्याकाठी जायचे, दगडावरचं शेवाळ खरवडून आणायचे आणि घरी भिंगाखाली बघायचे. रूथ सात वर्षांची असताना त्यांनी तिला स्वतःचा सूक्ष्मदर्शक दिला. आईचं म्हणणं होतं, मुलीनं रीतभात शिकावी, चांगल्या घरी पडावं. हे काही आपल्याला परकं नाही.

कपडे धुताना नदीतल्या दगडावर पाय घसरतो ना, ती तपकिरी बुळबुळ? तिच्यात डायटम नावाचे जीव मोठ्या संख्येनं असतात. एकेका पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या अंगावर काचेच्या डबीसारखं कवच असतं, झाकणासकट, त्यावर बारीक नक्षी. रांगोळीच्या ठिपक्यांत बसवल्यासारखी. हजारो जाती, प्रत्येकीची नक्षी वेगळी. आपण ज्या बुळबुळीला वैतागतो, तिच्यावर या बाईंनी आयुष्य घातलं.

१९३४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. फिलाडेल्फियातल्या एका जुन्या निसर्गविज्ञान संस्थेत त्या काम करायला लागल्या, पण पगार नाही. सूक्ष्मदर्शकाच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर होती, तीही फुकट. ‘ओठांना रंग लावून यायचं नाही’ असंही त्यांना बजावलेलं होतं. पगारपत्रकावर नाव आलं १९४५ साली. पुढं, १९७३ साली, त्याच संस्थेच्या विश्वस्त मंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या जागेवर बसलेल्या पहिल्या बाई.

१९४८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्याचा त्यांनी अभ्यास केला. शेतीवाडीचा मुलूख, शहराचं सांडपाणी, काही कारखाने. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही नदीसारखी नदी. तोवर अशा कामाला एकटादुकटा रसायनतज्ज्ञ जायचा. पॅट्रिकबाईंनी सगळी टोळीच उतरवली. शेवाळं ओळखणारे, किडे ओळखणारे, मासे ओळखणारे, जंतू तपासणारे, आणि पाण्याचं रसायन बघणारेही. नदीवरच्या चांगल्या, वाईट आणि मधल्या जागा घेतल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कोण कोण राहतं याची मोजदाद केली.

निघालं काय? चांगल्या जागी जाती खूप सापडल्या, पण कुणा एकीचीच गर्दी नाही. बिघडलेल्या जागी जाती मोजक्या, आणि त्यातल्या एकदोघींचीच तोबा गर्दी. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण याआधीचे लोक एखादा ‘घाणीचा जीव’ सापडतो का ते शोधायचे. बाईंनी सांगितलं, एकाकडे बघू नका, सगळं गाव बघा. जिथं बारा बलुतेदार नांदतात ते गाव चालू आहे असं समजायचं. आणि पाण्यात काय पडलं हे आधी ठाऊक असायची गरज नाही. विष असो, गरम पाणी असो, मैला असो, त्याचा परिणाम तिथल्या वस्तीवर लिहिलेला असतो. बाटली आजचं सांगते, वस्ती गेल्या कित्येक महिन्यांचं सांगते.

त्यांनी एक साधं साधनही बनवलं, डायटोमीटर. लहानशी चौकट, तिच्यात काचेच्या पट्ट्या. ती नदीत तरंगत ठेवायची. दोनएक आठवड्यांत पट्ट्यांवर डायटम वस्तीला येतात. मग पट्ट्या काढून भिंगाखाली धरायच्या आणि मोजायचं.

एक गोष्ट सांगायला हवी. पॅट्रिकबाईंनी मोठ्या रसायन कंपन्यांसाठीही काम केलं, आणि १९७५ साली ड्यूपाँट कंपनीच्या संचालक मंडळावर त्या गेल्या. तिथंही त्या पहिल्याच बाई. कारखानदारांना आतून सांगितलं तर ते ऐकतात, असं त्यांचं मत होतं. आम्हाला हे वाचताना थोडं अवघडल्यासारखं झालं, लपवून ठेवत नाही. पण त्यांची मोजणी कुणी खोटी म्हटलेली आमच्या वाचनात नाही. १९९६ साली त्यांना अमेरिकेतलं विज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं. २०१३ साली, वयाच्या १०५व्या वर्षी त्या गेल्या.

डायटमला सूक्ष्मदर्शक लागतो, तो आपल्याकडे नाही. पण दगडाखालचे किडे उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि इंग्लंडमध्ये त्यांचाच हिशोब बसवला. ट्रेंट नदीसाठी १९६४ साली, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस सगळ्या देशासाठी. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. शेपटीला तीन दोरे असलेला, दगडाला चपटा चिकटून राहणारा किडा सापडला तर १०. चतुराचं पाण्यातलं पिलू सापडलं तर ८. जळूला ३. लाल वळवळणाऱ्या अळीला २, आणि गाळातल्या बारीक गांडुळांना १. ज्याला स्वच्छ पाणी लागतंच त्याला जास्त गुण, जो कशातही तग धरतो त्याला कमी. सापडलेल्यांची बेरीज करायची. पुढं दक्षिण आफ्रिकेत अशाच रीतीवरून ‘मिनिसास’ नावाची सोपी पद्धत निघाली. तिच्यात फक्त १३ गट ओळखायचे असतात. शाळेतली मुलं आणि गावातली माणसं ती स्वतः करतात.

समुद्राकडे हाच विचार शिंपल्यांतून पोचला. कोकणातल्या बहिणी ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढतात, त्यांना हे लगेच पटेल. शिंपल्यातला जीव जागेवरून फारसा हलत नाही, दिवसभर पाणी गाळत बसतो, आणि पाण्यातलं विष त्याच्या अंगात साठत जातं. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सुचवलं, की सगळ्या किनाऱ्यांवर शिंपल्यांचीच तपासणी करू. १९८६पासून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ती नेमानं होते आहे. जे शिंपल्याच्या अंगात, तेच शेवटी कालवणात. म्हणून हा विषय किनाऱ्यावर पोटाशी येऊन भिडतो.

हे सगळे धागे कायद्यात एकत्र आले ते युरोपात. २००० साली युरोपीय संघानं पाण्याचा एक कायदा केला. नदी, तळं, खाडी आणि किनारा, चौघांनाही एकच प्रश्न. माणसाचा हात फारसा लागला नसता तर इथं कोण राहिलं असतं, आणि आज कोण राहतं? या दोन्हींतलं अंतर म्हणजे बिघाड. त्याचे पाच दर्जे, निळ्यापासून लाल रंगापर्यंत. मासे, किडे, वनस्पती, पाण्याचं रसायन, सगळं बघायचं, आणि जे सगळ्यात वाईट असेल तोच दर्जा द्यायचा. चार विषयांत पास आणि एकात नापास, तर नापास. बांध घातला, काठ काँक्रीटचे केले, वाळू उपसली, हेही त्यात मोजतात. निकाल? २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे त्यांचं फक्त ३७ टक्के पाणी ‘चांगला’ किंवा त्यावरचा दर्जा मिळवू शकलं. एवढा पैसा, एवढे कायदे असून. काही जण म्हणतात ही मोजपट्टी फारच कडक आहे. आम्हाला वाटतं, ढिल्या पट्टीनं मोजून खूश होण्यापेक्षा ते बरं.

आता आपल्या नदीला हा प्रश्न विचारून पाहा. जिच्यातली सगळी वाळू उपसून नेली, जी फेब्रुवारीतच आटते, जिच्यात फवारणीचं औषध पावसाबरोबर उतरतं, ती नदी बीओडीच्या परीक्षेत सहज पास होऊ शकते. कारण बीओडीला वाळू दिसत नाही, आटलेलं पात्र दिसत नाही, कीटकनाशकही दिसत नाही. ५५च्या यादीत नसलेल्या नद्या धड आहेत असं म्हणूनच कुणी समजू नये. केंद्रीय मंडळानं पाण्यातल्या किड्यांवर आधारलेले जैविक निकषही केलेले आहेत, म्हणजे रीत कुणाला माहीतच नाही असं नाही. पण नदीचं नाव यादीत घालायचं की काढायचं हे ठरतं ते बाटलीवर.

जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्यात आहेत. नळ आणि विहीर तुमच्या हाताखालून जाते. नदीचा दगड उचलून बघायला तर किटही लागत नाही. उथळ, खळखळत्या जागी, तळहाताएवढे ते डोक्याएवढे दहा दगड. पांढऱ्या ताटात थोडं पाणी, त्यात दगडाखालचे जीव हलक्या हातानं सोडायचे, बघायचे, मोजायचे, आणि जीव आणि दगड दोन्ही परत जागेवर ठेवायचे. पूर येऊन गेला असेल तर निदान महिनाभर थांबायचं, कारण पूर सगळ्यांनाच धुऊन नेतो. पाणी काळं, फेसाळ असेल तर मात्र त्यात हातपाय घालू नका. आणि दगडाखाली भरपूर जीव दिसले म्हणून ते पाणी पिण्यालायक होत नाही. कावीळ आणि हगवणीचे जंतू किड्यांना काही करत नाहीत. प्यायच्या पाण्याला किट आणि टीसीएलच.

इंग्लंडचे गुण जसेच्या तसे आपल्या नदीला लावता येणार नाहीत. आपला पावसाळा वेगळा, आपले किडे वेगळे. बीओडीचे पाच दिवस आपण तीन केले, तसा हाही हिशोब इथल्या नदीवर बसवावा लागेल. आणि त्यासाठी आधी नावं लागतील. पुस्तकात या जीवांची नावं लॅटिनमध्ये आहेत. चतुर, जळू, गोगलगाय, खेकडा ही आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण खड्यांचं घर अंगावर घेऊन सरपटणारी ती अळी, तिला तुमच्या गावात काय म्हणतात? पाण्यावर धावणाऱ्या लांब पायांच्या किड्याला? तीन दोऱ्यांच्या शेपटीवाल्याला? तुमच्या आजीला, सासूला विचारा. धुण्याच्या घाटावर आधी काय दिसायचं आणि आता काय दिसत नाही, कुठल्या सालापासून दिसत नाही, तेही विचारा. गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. नाव, गाव, नदी किंवा ओढा, आणि महिना.

पुढच्या महिन्यातल्या भागात आम्ही ही नावं वाचून दाखवणार आहोत. त्या दिवशी भागाची वेळ संध्याकाळची असेल, दुपारी बहुतेक जणी रानात असतात म्हणून.